‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न थांबवल्यावर: अमळनेर तालुक्यातल्या एका घरातलं गोष्टींचं वाचन

पार्श्वभूमी

हे घर अमळनेर तालुक्यातल्या एका गावातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आईवडिलांनी लिहायला होकार दिला, आणि मुलीने मसुदा वाचून दुरुस्त्याही सुचवल्या.

घरात पाच माणसं. वडील कापूस आणि ज्वारी करतात. आई डी.एड. झालेली, नोकरी मिळाली नाही म्हणून घरीच शिकवण्या घेते. हे सगळं सुरू झालं तेव्हा मुलगी सातवीत होती, तिला घरात ताई म्हणतात. मुलगा चौथीत, तो भय्या. पाचवी वडिलांची आई. तिला अक्षरओळख नाही, ती बोलते फक्त अहिराणी, आणि मुलं तिला मोठी माय म्हणतात. मुलांची आई माझी जुनी विद्यार्थिनी. मी अनेक वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं, म्हणून अडलं-नडलं की ती अजूनही “बाई, जरा येता का?” म्हणून फोन करते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ती दोन्ही मुलांना घेऊन पुस्तकांच्या दालनात गेली आणि मोठ्या हौसेने बोधकथांचा एक संच घेऊन आली. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य आणि चौकटीखाली प्रश्न. रोज दिवेलागणीला एक गोष्ट वाचून घ्यायची, प्रश्न विचारायचे आणि वहीत सारांश लिहायला लावायचा, असा तिचा नेम ठरला. वहीवर सुवाच्य अक्षरात ‘कथासार’ लिहिलेलं होतं. शिकवणीच्या मुलांना ती जसं शिकवायची तसंच घरच्या मुलांना, आणि त्यात तिची कळकळ खरी होती.

अडचण

चार महिन्यांत ताईने एक पद्धत बसवली. ती आधी प्रश्न वाचायची, मग चौकट, मग उत्तरं सापडतील तेवढ्याच ओळी. गोष्ट सलग वाचायची गरजच उरली नव्हती. भय्याचं तर वही बाहेर निघाली की पोट दुखायचं. दोघंही उरलेला वेळ मोबाईलवर रील बघण्यात घालवत होती, पण माझ्या मते तो रोग नव्हता, लक्षण होतं.

फोन आला तो एका चाचणी परीक्षेनंतर. पाठातल्या मुलाच्या वागण्याबद्दल ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न होता. ताईने गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि तिला पूर्ण गुण मिळाले. आई म्हणाली, “बाई, गुण मिळाले म्हणून मी खूश व्हायला पाहिजे. पण मी तिला विचारलं, तुला तो मुलगा आवडला का गं? तर म्हणते, कोणता मुलगा?”

मी ती ‘कथासार’ वही मागवून घेतली. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. पण पानामागून पान उलटलं तरी एकाही पात्राचं नाव सापडेना. ‘एक मुलगा’, ‘एक शेतकरी’, ‘एक राजा’. प्रत्येक सारांश चार ओळींत संपलेला आणि शेवटची ओळ ‘म्हणून आपण नेहमी...’ अशी सुरू होणारी. कुणाचा राग आला, कुणाची कीव आली, पुढे काय होईल म्हणून जीव टांगणीला लागला, याची एक खूणही नाही. मुलगी वाचनात कच्ची नव्हती. तिला गोष्टीतल्या माणसांशी ओळखच करून दिली नव्हती.

इथे माझं मत आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे आहेत. कथेचा आनंद घेणं आणि कथा उलगडून पाहणं या दोन पायऱ्या आहेत, आधी एक चढायची मग दुसरी, असं समजलं जातं. मला ते पटत नाही. ‘तो असं का वागला असेल?’ हा प्रश्न ज्या मुलाला स्वतःहून पडतो, ते मूल त्याच क्षणी आनंदही घेत असतं आणि विश्लेषणही करत असतं. हा प्रश्न पडण्याआधीच मोठ्या माणसाने उत्तर चौकटीत छापून दिलं, तर दोन्ही एकदमच जातात.

समोरचे पर्याय

आईला पहिल्यांदा सुचलं ते नवी, रंगीत चित्रांची पुस्तकं आणणं. वडिलांनी पुस्तकामागे वीस रुपये बक्षीस द्यायचं सुचवलं. त्याला मी विरोध केला, कारण ताई कोणतंही पुस्तक एका दिवसात ‘संपवून’ दाखवू शकत होती आणि पैशाने तीच सवय पक्की झाली असती. शिकवणीच्या इतर मुलांबरोबर बसवून वाचून घेण्याचाही विचार झाला, पण गर्दीत भय्या गप्प होतो.

वडिलांचा आणखी एक आग्रह होता: “सुरुवात ‘श्यामची आई’पासून करा.” अमळनेरच्या माणसाला हे सुचणारच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांसोबत राहिले. पुस्तक घरात होतंच. पण ताईने हातसुद्धा लावला नाही. मागच्या वर्षी कथाकथन स्पर्धेसाठी तिच्याकडून त्यातला एक प्रसंग हातवाऱ्यांसकट पाठ करून घेतला होता. नंबर आला नाही, आणि पुस्तकावर राग बसला. आम्ही ते बाजूला ठेवलं. त्याकडे पुढे येते.

जो पर्याय शेवटी निवडला तो कुणी मांडलेलाच नव्हता. मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले होते. ओट्यावर मोठी माय शेंगा फोडत बसली होती, आणि पुस्तक म्हटलं की पोट दुखणारा भय्या तिच्या मांडीला टेकून गोष्ट ऐकत होता. मधूनच म्हणायचा, “मंग काय जायं?” आजी थांबली की ढोसायचा. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “ते वाचन थोडीच आहे बाई? आणि ते अहिराणीत.”

पहिला निर्णय: प्रश्न आणि वही बंद

नवरात्रापर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही, तात्पर्य उच्चारायचं नाही आणि मुलांनी एक ओळ लिहायची नाही, असं ठरलं. आईला हे फार जड गेलं. “मग ती शिकली हे मला कळणार कसं?” हा तिचा प्रश्न रास्त होता. त्यावर तोडगा असा निघाला की वहीत मुलांऐवजी आईने लिहायचं. गोष्ट ऐकताना किंवा वाचताना मुलं आपणहून जे बोलतील ते, त्यांच्याच शब्दांत. या लेखातली मुलांची वाक्यं त्या वहीतली आहेत.

घरात मोठ्या माणसाने मुलाशी बोलत बोलत वाचावं, त्याच्या बोलण्याला जोड द्यावी, या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालकांना महिनाभर अशा वाचनाची सवय लावली होती, आणि त्यांची मुलं भाषेच्या चाचण्यांत पुढे गेलेली दिसली. ती मुलं दोन-तीन वर्षांची होती आणि पुस्तकं चित्रांची, त्यामुळे सातवी-चौथीच्या मुलांना ते तसंच लागू होईल असं मी आईला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मूल बोलतं आणि मोठं माणूस ऐकतं, अशी उलटापालट व्हायला हवी.

सुरुवातीचे काही दिवस वहीत काहीच आलं नाही. मग श्रावण लागला. मोठ्या मायला वाराच्या कहाण्या ऐकायच्या असतात आणि वाचता येत नाही, म्हणून ते काम ताईकडे आलं. परीक्षा घेणारं कुणी नाही, समोर खरोखर ऐकायला बसलेलं माणूस आहे, हा अनुभव तिला नवा होता. तिसऱ्या की चौथ्या कहाणीला भय्या म्हणाला, “आता धाकटीच चांगली निघणार.” ताईने वाचायचं थांबवून विचारलं, “तुला काय माहीत?” तो म्हणाला, “आवडती-नावडती असली की नावडतीच जिंकते. आणि तिघी असल्या की धाकटी.” मग दोघांनी मागच्या कहाण्या आठवून ताडून पाहिलं. सगळ्या ‘आटपाट नगर होतं’ने सुरू होतात, सगळ्या ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ने संपतात, मध्ये कुणीतरी उतते-मातते आणि वसा टाकते. कथेची घडण ओळखणं याला मोठमोठी नावं आहेत. इथे ते एका चौथीतल्या मुलाने पैज लावण्याच्या सुरात केलं.

दुसरा निर्णय: चर्चा कोणत्या भाषेत

आजीने गोष्टी सांगायला हरकत नव्हती, पण त्यावर बोलायचं ते मराठीतच, असं वडिलांचं म्हणणं पडलं. त्यामागे दुखावलेली आठवण होती. अकरावीला ते जळगावला शिकायला गेले तेव्हा तोंडातून ‘माले’, ‘तुले’ निघालं की वर्गातली मुलं हसायची. “आमच्या पोरांचं तसं होऊ नये, एवढंच,” ते म्हणाले.

मी त्यांना वही दाखवली. मराठीत बोलताना भय्याची वाक्यं दोन-तीन शब्दांची होती: ‘छान आहे’, ‘मला आवडली’. अहिराणीत तोच मुलगा भांडत होता. विचार ज्या भाषेत धावतो त्या भाषेत तो धावू द्यावा आणि पुस्तक प्रमाण मराठीतच राहावं, असं ठरलं. वडिलांना ते पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी दिवाळीपर्यंत बघू म्हटलं. खानदेशात कित्येक घरांत ही अडचण आहे, जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात गेलं की अहिराणीच्या जागी लेवा बोली येते इतकंच, आणि बहुतेक ठिकाणी निर्णय न बोलताच घेतला जातो. इथे तो उघडपणे, दोन्ही बाजू ऐकून झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चिडी आणि कावया

भाद्रपदातल्या एका पावसाळी रात्री मोठ्या मायने चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. चिडीचं घर मेणाचं, कावयाचं शेणाचं. पावसात शेणाचं घर वाहून गेलं, कावया चिडीच्या दाराशी आला. “थांब, मन्हा पोरले आंघोय घालस,” असं करत करत चिडीने त्याला ताटकळत ठेवलं, शेवटी दार उघडलं आणि तापल्या तव्यावर बसायला सांगितलं. दोन्ही मुलांनी ती पाळण्यापासून ऐकलेली. तरी भय्याने विचारलं, “चिडीनी दार काब नही उघाडं?” (का नाही उघडलं?)

आजी म्हणाली, “तुले काय वाटस?”

पुढचं आईने जवळजवळ शब्दशः उतरवून ठेवलं आहे. भय्याचं म्हणणं, तिला भीती वाटली असेल, कावळा पिल्लं खाऊन टाकील. ताई म्हणाली, “असं गोष्टीत कुठंय?” तो म्हणाला, गोष्टीत कशाला पाहिजे, कावळे अंडी खातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्या निंबावरची नव्हती का खाल्ली? ताई थोडी थांबली आणि म्हणाली, “बरं. पण भीती वाटत होती तर दार उघडायचंच नाही. दार उघडून तव्यावर बसवलं, म्हणजे तिला भाजायचंच होतं. भीती आणि डाव एक नाही.” भय्याला काही सुचेना. मग तो म्हणाला, “पण मग आधी इतका वेळ कसाले लावला?” ताईचं उत्तर: “तवा तापायला.”

याच जागी आईच्या ओठांवर ‘म्हणून दारी आलेल्याला...’ हे वाक्य आलं होतं, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने ते गिळलं. या सगळ्या प्रकरणातला तो कळीचा क्षण, असं मी मानते. ताईने सांगितलेला अर्थ मी तरी आधी कुठे ऐकलेला नाही, आणि तो चूक आहे असंही मजकुरावरून म्हणता येत नाही. उशीर आणि तवा या दोन सुट्या घटना तिने एका हेतूने जोडल्या. तात्पर्य मध्ये आलं असतं तर ती जोडणी झालीच नसती.

काही दिवसांनी मोठ्या मायने तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि तव्याचा प्रसंग गाळला. कावया नुसताच उडून गेला. ताईने लगेच हटकलं, “त्या दिवशी असं नव्हतं.” आजीने सांगितलं की भय्या झोपाळला होता, भाजण्याचं ऐकून दचकला असता. ताई म्हणाली, “म्हणजे कावळ्याचं काय करायचं ते मोठी माय ठरवते?” गोष्ट कुणीतरी कुणासाठी तरी सांगत असतं आणि ऐकणारा बदलला की ती बदलते, ही जाण मी कॉलेजात जाऊन पुस्तकांतून मिळवली. तिला ती घरात, सांगणाऱ्याच्या तोंडून मिळाली.

तिसरा निर्णय: प्रश्न परत आणायचे का, आणि कोणते

नवरात्र आलं. आईला ठरल्याप्रमाणे प्रश्न सुरू करायचे होते. वही वाचून तिनेच ठरवलं की जुने प्रश्न नकोत, ताईचा प्रश्न घ्यावा: ‘असं गोष्टीत कुठंय?’ कुणीही, आईनेसुद्धा, पात्राबद्दल काही म्हटलं तर ती ओळ दाखवायची. ओळ नसेल तर ‘हे मी माझ्या अनुभवावरून म्हणतोय’ असं सांगायचं. दोन्ही चालतं, फक्त काय कुठून आलं ते स्पष्ट हवं. सोबत दुसरी अट मी घातली: आईने तोच प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर तिला स्वतःला ठाऊक नाही. मुलांना परीक्षेचा प्रश्न आणि खरा प्रश्न यातला फरक आवाजावरून कळतो.

पुस्तकांचा खर्च फार झाला नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आईने त्यातल्या गोष्टी आधी स्वतः वाचून निवडल्या. काही जुने दिवाळी अंक मी दिले. आई मोठ्याने वाचायची आणि मुलं ऐकायची. स्वतः वाचण्याची सक्ती अजून नव्हती.

बैलाची गोष्ट

त्या दिवाळी अंकांतली एक लहानशी गोष्ट आईने फारसा विचार न करता निवडली. एक शेतकरी पहाटे बैल घेऊन बाजाराला जातो. संध्याकाळी परत येतो, न बोलता घुंगरमाळ खुंटीला अडकवतो आणि जेवायला बसतो. बायको भाकरी वाढते. मुलगा गोठ्यात जाऊन येतो. संपली.

भय्याने विचारलं, “बैल कुठे गेला?” आईला उत्तर ठाऊक होतं, म्हणून अटीप्रमाणे ती गप्प राहिली. ताईने पान हातात घेतलं. विकला, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने दोनदा वाचलं आणि घुंगरमाळेच्या ओळीवर बोट ठेवलं: “बैल असता तर ही त्याच्या गळ्यात असती.” भय्या म्हणाला, “मग विकणाऱ्याने माळ का नाही दिली? पैसे कमी मिळाले असतील.”

वडील पलीकडे खाटेवर पडले होते. इतक्या दिवसांत ते या वाचनात कधी बोलले नव्हते. तिथूनच म्हणाले, “आपण साज देत नाही. बैल जास, साज घर येस.”

आदल्या वर्षी याच घरातून एक बैल विकला गेला होता. भय्याच्या ते तेव्हा लक्षात आलं आणि तो रडायला लागला. आईने मला रात्रीच फोन केला. अशा गोष्टी थांबवाव्यात का, हसऱ्याच निवडाव्यात का? वडिलांचं मत होतं की पोरांना रडवणाऱ्या गोष्टी कशाला. मी तिला एवढंच विचारलं की भय्या रडत असताना पुस्तक बंद करायला सांगत होता का. नव्हता. त्याने ती गोष्ट पुन्हा वाचायला लावली होती, आणि दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीला म्हणाला होता, “तो पोरगा गोठ्यात बघायला गेला. त्याला कुणी सांगितलंच नाही.”

त्या एका वाक्यात त्याने लेखकाची पद्धत पकडली होती: सगळ्यांत मोठी घटना लेखकाने सांगितलीच नाही, आणि घरातल्यांनीही मुलाला सांगितली नाही. आईने हसऱ्या गोष्टींची बाजू घेतली नाही, पण अशा गोष्टीनंतर लगेच झोपायला पाठवायचं नाही, थोडं बसायचं, असं ठरवलं. वडिलांनी त्या रात्री मुलाला बैल का विकावा लागला ते पहिल्यांदा सांगितलं. साजाची रीत मजकुरात नव्हती. ती ठाऊक नसती तर ताईचा अर्थ अर्धाच राहिला असता. शाळा न आवडलेल्या, पुस्तकांपासून लांब राहिलेल्या बापाच्या ज्ञानाने गोष्टीचा अर्थ पुरा झाला, आणि पुढे वाचन सुरू झालं की ते खाट जवळ ओढून घेऊ लागले. अहिराणीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वेचणीचा खंड आणि ‘श्यामची आई’

दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी आली आणि वाचन थांबलं. आई दिवसभर शेतात, रात्री सगळे थकलेले. जवळजवळ दीड महिना वही कोरी आहे. परत सुरू करताना भय्या सहज आला, ताई आली नाही. तिला मैत्रिणी होत्या, अभ्यास होता, आणि बहुधा धाकट्या भावासोबत बसायचा कंटाळाही. आईने ओढाताण केली नाही.

ताई परतली ती उन्हाळ्यात, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जायच्या दिवसांत, आणि तीही बाजूला ठेवलेल्या पुस्तकामुळे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मोठा झालेला श्याम रात्री-रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. आई भय्याला एक-एक रात्र वाचून दाखवत होती. ताई पाठ करून बसलेलाच प्रसंग आला तेव्हा ती अंथरुणातूनच म्हणाली, “हे छोटा श्याम बोलत नाहीये. मोठा बोलतोय. छोट्याला तेव्हा असं काही वाटलं नसणार.” आईने विचारलं, कुठंय? ताई उठून आली, आणि दोघींनी मिळून कोणतं वाक्य मुलाचं आणि कोणतं मोठ्या माणसाचं ते शोधलं. काही वाक्यांवर एकमत झालं नाही. स्पर्धेच्या वेळी हातवारे शिकवणाऱ्या कुणीही तिला हे सांगितलं नव्हतं की या पुस्तकात दोन श्याम आहेत.

परिणाम

ताईचे मराठीचे गुण वाढले नाहीत. वार्षिक परीक्षेतही तिने गाईडमधली उत्तरं लिहिली. आईने विचारल्यावर ती म्हणाली की तपासणाऱ्याला तेच हवं असतं. मला यात तिचा दोष दिसत नाही. बदल दुसरीकडे आहे. ती आता पुस्तकं अर्धवट टाकते आणि का टाकली ते सांगू शकते. एका रहस्यकथेबद्दल तिचं मत होतं की चोर कोण ते लेखकाने मुद्दाम लपवलं, सुगावा एकही दिला नाही, ‘ही फसवणूक आहे’. चौकट शोधणारी मुलगी लेखकाशी भांडू लागली.

भय्या अजून अडखळत वाचतो. जोडाक्षरं आली की थांबतो. ऐकून समजण्यात तो बहिणीच्या बरोबरीला आहे, पण त्याचं स्वतःचं वाचन तेवढं पुढे आलेलं नाही. मोठी माय मात्र वाचायला बोलावते. कहाण्यांखेरीज इतर पुस्तकंही ऐकते आणि पात्रांना अहिराणीत शिव्या घालते.

काय वेगळं करता आलं असतं

भय्याच्या वाचनाकडे आम्ही उशिरा वळलो. ऐकण्याचा आनंद टिकवण्याच्या नादात अक्षरांचा सराव मागे पडला. रोज थोडा वेळ, गोष्टीच्या वेळेपासून वेगळा, सोप्या मजकुराचा सराव पहिल्या महिन्यापासून ठेवायला हवा होता. मोठी माय ऐकायला बसते, तेव्हा कहाणीतला एखादा परिच्छेद ताईऐवजी त्याला देता आला असता.

दोघांना कायम एकत्र बसवणंही सोयीचं होतं म्हणून झालं. बारा वर्षांच्या मुलीला तिच्या वयाची, तिच्या मनातल्या घालमेलीची पुस्तकं हवी असतात, आणि त्यावर ती धाकट्या भावासमोर बोलणार नाही. वेचणीनंतर ती आली नाही तेव्हाच आईने तिच्यासोबत वेगळं पुस्तक सुरू केलं असतं, तर मधले चार-पाच महिने वाया गेले नसते. हे आता सुरू झालं आहे. दोघी एकच पुस्तक आपापल्या वेळी वाचतात आणि भाकरी करताना त्यावर बोलतात.

वेचणीचा खंड टाळता आला नसता असं आईला वाटतं. मला वाटतं मोठ्या मायकडे ती सूत्रं द्यायला हवी होती. ती शेतात जात नाही, तिला पुस्तक लागत नाही, आणि एक छोटी गोष्ट सांगायला दिवाही लागत नाही. आम्ही तिला सुरुवात करून देणारी मानलं आणि पुस्तकं आल्यावर ऐकणारी करून टाकलं.

आईची शिकवणी अजून जुन्याच पद्धतीने चालते. पालक गुणांसाठी पैसे देतात, आणि ‘कथासार’सारखी वही दाखवली की त्यांचं समाधान होतं. आठवड्यातला एक दिवस त्या मुलांनाही तात्पर्याशिवाय गोष्ट वाचून दाखवावी, असं तिच्या मनात आहे. जूनपासून शनिवारी, चौथी-पाचवीच्या गटापासून करून बघणार आहे. त्यासाठी बैलाची गोष्ट घ्यावी की नको, यावर तिचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्या गटातल्या दोन घरांनी यंदा जनावरं विकली आहेत. ती म्हणते, म्हणूनच नको. मी म्हणते, आधी त्यांच्या आईवडिलांशी बोल आणि मग ठरव.